गोळा ठेवायचा की काढायचा? मांजरीच्या निखळलेल्या खुब्याविषयी

पत्र:
"साताऱ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमची चिंगी अडीच वर्षांची, नसबंदी झालेली, वजन ३.८ किलो. मागच्या रविवारी कबुतरामागे झेपावताना ती गॅलरीतून खाली पडली. डावा मागचा पाय टेकवेना. सोमवारी एक्स-रे काढला, तर खुबा निखळलेला निघाला. मंगळवारी डॉक्टरांनी भूल देऊन सांधा बसवला आणि पाय पोटाशी दुमडून पट्टी बांधली. गुरुवारी पट्टी ढिली झाली, शुक्रवारी पुन्हा एक्स-रे काढला तर सांधा परत निसटलेला. आता आमचे डॉक्टर म्हणतात, हाडाचा गोळाच काढून टाकू, मांजर छान चालतं. पुण्यातले एक सर्जन म्हणतात, कृत्रिम दोरी घालून सांधा वाचवू. सासूबाई म्हणतात, हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून ओढून घ्या. शेजारी म्हणतात, मांजराचं आपोआप बरं होतं. आज सोमवार, पडून आठ दिवस झाले. गोळा काढला तर ती जन्मभर लंगडेल का? दोन्हींतलं बरं कोणतं? आणि रात्री ती कण्हते तेव्हा पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर चालेल का?"
— एक वाचक, सातारा

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो आज रात्रीचाच प्रश्न आहे. पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नको, पाव नको, लहान मुलांचं सिरपही नको. माणसाचं यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतोच. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे चिंगीच्या वजनाला किलोमागे ६५ मिलिग्रॅमहून जास्त. एवढ्या मात्रेने मांजराच्या रक्तातला प्राणवायू वाहण्याचा गुणच जातो, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि काही तासांत मांजर दगावू शकतं. आधीच कुणी दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांनाही हात लावू नका.

मग दुखण्याला काय द्यायचं? मांजरांसाठी मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध वापरतात. पहिल्या इंजेक्शननंतर घरी द्यायची नेहमीची मात्रा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटात अन्न असताना. चिंगीसाठी ती ०.१९ मिलिग्रॅम होते. आता इथे एक चूक वारंवार होते. मांजरांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, कुत्र्यांच्या बाटलीत १.५. म्हणजे पहिल्या बाटलीतून ०.३८ मिलिलिटर आणि दुसऱ्यातून फक्त ०.१३. दुकानात मांजरांची बाटली मिळाली नाही म्हणून कुत्र्यांची आणायची आणि माप तेच ठेवायचं, असं झालं की तिप्पट औषध जातं आणि किडनी बसू शकते. माणसांची ७.५ मिलिग्रॅमची गोळी तर तिच्या मात्रेच्या जवळपास चाळीस पट आहे. मोजायला १ मिलिलिटरची साधी सिरिंज घ्या, सुई काढून. इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलिलिटर नसतात, युनिट असतात, त्यात हिशेब हमखास चुकतो. आणि हे औषध चिंगी खात-पीत असेल, लघवी नीट होत असेल आणि रक्ताच्या तपासणीत किडनी ठीक असेल तरच. त्याच्या जोडीला डॉक्टर गॅबापेंटिन देऊ शकतात. ते दुखणंही कमी करतं आणि मांजर शांत राहतं, जे पुढच्या काही आठवड्यांत तुमच्या फार कामी येईल.

आता खुबा. हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातली वाटी ही उखळ, आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा तिच्यात फिरतो. मांजरात हा गोळा भिजवलेल्या टपोऱ्या हरभऱ्याएवढा, जेमतेम १ सेंटिमीटर. त्याला जागेवर धरायला तीन गोष्टी असतात: गोळ्याच्या मधोमध असलेल्या खळगीतून वाटीच्या तळाला जाणारी आखूड दोरी, सांध्याभोवतीची जाड पिशवी आणि वरून दाबून धरणारे कुल्ल्याचे स्नायू. सांधा निखळला याचा अर्थ दोरी तुटली आणि पिशवी फाटली. ती फाटल्याशिवाय गोळा बाहेर येऊच शकत नाही. मग तेच स्नायू गोळ्याला वर आणि पुढे खेचतात. म्हणूनच चिंगीचा पाय आखूड दिसत असेल, गुडघा बाहेर वळलेला आणि पंजा पोटाखाली आत आलेला.

यावरून सासूबाईंच्या सूचनेचं उत्तर मिळतं. जागेपणी ओढून हा सांधा बसत नाही. वेदनेने स्नायू आणखी आवळतात, आणि ओढणाऱ्याच्या हातात वाटीची कड मोडते किंवा मागून जाणारी मोठी नस दुखावते. तिला पूर्ण भूल हवीच.

डॉक्टरांनी मंगळवारी केलं ते योग्यच होतं, त्यांना दोष देऊ नका. पहिल्या तीन-चार दिवसांत, हाड कुठे मोडलेलं नसेल तर, चीर न देता सांधा बसवून बघणं हीच पहिली पायरी. पाय बाहेर वळवून ओढायचा, गोळा वाटीच्या कडेवर आला की आत वळवायचा; 'टक्' असा आवाज हाताला जाणवतो. मग मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर तळव्याने दाब ठेवून पाय पंधरा-वीस वेळा हळूहळू हलवायचा, म्हणजे वाटीत साचलेलं रक्त आणि दोरीचे तुकडे बाजूला सरतात. एवढं सगळं नीट करूनही जवळपास अर्ध्या जनावरांत सांधा पुन्हा निसटतो. मांजरात पट्टीची आणखी एक अडचण असते. मांडी वर जाड, खाली निमुळती, केस गुळगुळीत, आणि मांजर स्वतः कसरतपटू. पट्टी दोन-तीन दिवसांत सरकते. सरकली नाही तर जांघेत आणि पंजाच्या पाठीवर कातडी सोलते. तेव्हा पुन्हा एकदा तेच करून बघू असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. एकदा निसटलेला आणि आठ दिवस झालेला खुबा चीर न देता टिकण्याची आशा फार कमी असते, आणि प्रत्येक खेपेला गोळ्यावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, वाटीच्या कडेवर घासते.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही मांजरं काहीच न करता दोन-तीन महिन्यांनी पाय टेकवू लागतात, कारण हाडाला हाड घासून तिथे एक खोटा सांधा तयार होतो. पण तोवरचं दुखणं ती सोसतात, पाय आखूड आणि ताठर राहतो. मांजर दुखणं दाखवत नाही, ते कपाटावर चढणं सोडून देतं आणि आपण म्हणतो, शांत झालंय. चिंगीच्या बाबतीत हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

शस्त्रक्रिया कोणती हे ठरवायच्या आधी नवे एक्स-रे हवेत, शुक्रवारचे चालणार नाहीत. खुब्याचे दोन: एक कुशीवर झोपवून, एक पाठीवर झोपवून दोन्ही पाय सरळ मागे ताणून. दुसऱ्या चित्रात दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दिसतात, तेव्हा तुम्हीही बघू शकता. तीन गोष्टी डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. वाटीची वरची कड शाबूत आहे का. वाटीत तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा पडलाय का (दोरी तुटताना कधी कधी ती गोळ्याचा टवका घेऊन सुटते). आणि उजव्या बाजूची वाटी पुरेशी खोल आहे का. काही मांजरांत जन्मतःच ती उथळ असते, मग डावी वाचवून उपयोग होत नाही.

छातीचा एक्स-रेही काढून घ्या. पत्रात त्याचा उल्लेख नाही. उंचावरून पडलेल्या मांजराच्या फुप्फुसाला पुष्कळदा मुका मार लागलेला असतो, कधी छातीत हवा भरते, कधी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटतो आणि आतडं वर चढतं. मंगळवारची भूल सोसली म्हणजे छाती ठीक आहे असं धरून चालू नये, पडद्याची फाट आठवड्याने उघडकीस आल्याची उदाहरणं नवी नाहीत. टाळूला मधोमध चीर आहे का, लघवी धारेने होते का, शेपूट हलते का, आणि डाव्या पंजाची बोटं चिमटल्यावर ती चिडून मागे वळते का, हेही बघितलं गेलं पाहिजे. नुसता पाय मागे घेणं पुरेसं नाही, तिला दुखल्याचं कळलं पाहिजे.

(दुसऱ्या वाचकांसाठी एक सूचना. मांजर वर्षाच्या आतलं असेल, किंवा लवकर नसबंदी झालेला वजनदार तरुण बोका असेल, तर 'निखळलाय' वाटणारा खुबा पुष्कळदा निखळलेला नसतो. गोळा त्याच्या वाढीच्या रेषेवर तुटलेला असतो. त्याचा इलाज वेगळा. चिंगीच्या वयात हा धोका फारसा राहिलेला नाही.)

आता मूळ प्रश्न. पुण्याचे सर्जन म्हणतात त्या शस्त्रक्रियेला टॉगल म्हणतात. तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी बसवायची. मांडीच्या वरच्या भागात बाहेरून चीर घेतात, स्नायू बाजूला सारतात, सांध्यापर्यंत पोचायला कुल्ल्याच्या खोल स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) थोडा कापावा लागतो, तो नंतर शिवतात. वाटी रिकामी करतात: गोठलेलं रक्त, जुन्या दोरीचा चोथा, आत दुमडलेली पिशवी. हे काम कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. वाटीत काही राहिलं तर गोळा तळापर्यंत बसत नाही आणि सगळा ताण नव्या दोरीवर येतो. मग मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाने, उंचवट्याच्या जरा खालून, हाडाच्या मानेतून गोळ्याच्या खळगीपर्यंत एक बोगदा पाडतात, आणि वाटीच्या तळाला एक भोक. मांजरात हे सगळं अडीच-तीन मिलिमीटरच्या मापात. टॉगल म्हणजे सदऱ्याच्या कफलिंकसारखी बारीक आडवी दांडी. ती दोरीसकट वाटीच्या भोकातून पलीकडे ढकलतात आणि दोरी ओढली की ती आडवी होऊन अडकते. दोरीची टोकं बोगद्यातून बाहेर आणून, गोळा वाटीत बसवून, मांडीच्या बाहेर गाठ मारतात. शेवटी फाटलेली पिशवी विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात.

चुकतं कुठे? मांजराच्या हाडाची मान बोटाच्या नखाहून अरुंद असते. बोगदा मधोमध गेला नाही तर भिंत पातळ राहते आणि हाड तिथे मोडतं. गाठ फार आवळली तर दोरी हाड कापत जाते, सैल राहिली तर गोळा पुन्हा कडेवर येतो. आणि जंतू शिरले तर दोरी काढल्याशिवाय ते जात नाहीत. साधारण दहांतल्या एका जनावरात एवढं करूनही सांधा परत निसटतो. तसं झालं तरी सगळं संपत नाही, तेव्हा गोळा काढण्याचा मार्ग मोकळाच असतो. उलटं मात्र होत नाही.

एक गोष्ट सर्जनही पुष्कळदा सांगायची विसरतात. ही दोरी कायमची नसते. सांधा हलत राहतो, दोरी झिजते आणि काही महिन्यांनी आतल्या आत तुटली तरी काही बिघडत नाही. तिचं काम पाच-सहा आठवड्यांचं, पिशवी जुळून भोवती घट्ट व्रण-ऊती (जखम भरताना धरणारा चिवट थर) तयार होईपर्यंत गोळा धरून ठेवण्याचं. या पाच-सहा आठवड्यांत मांजराने कपाटावर उडी मारली तर कितीही भारी दोरी असो, जाईल.

काही ठिकाणी दोरीऐवजी तार घालतात: दीड-दोन मिलिमीटर जाडीची स्टीलची पिन, मांडीच्या हाडातून गोळ्यामधून वाटीच्या तळापर्यंत, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन काढायची. मांजर हलकं असल्याने त्याच्यात ही पद्धत चांगली चालते, खर्चही कमी, आणि लागणारी तार बहुतेक दवाखान्यांत असते. पण पिनचं टोक वाटीच्या पलीकडे जरा जास्त गेलं तर लगेच मागे मोठं आतडं असतं. म्हणून टेबलावरच गुदद्वारातून बोट घालून टोक लागत नाही ना हे बघतात. मांजराने मस्ती केली तर पिन सांध्यात वाकते किंवा तुटते, आणि आतला तुकडा काढणं महाकठीण.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला दुसरा मार्ग म्हणजे गोळा आणि त्याची मान कापून काढणं. ऐकायला भयंकर वाटतं, पाय कापल्यासारखं. तसं ते नाही. ही कल्पना माणसांच्या शस्त्रक्रियेतून आली. क्षयाने सडलेल्या खुब्यासाठी १९२० च्या दशकात ब्रिटिश सर्जन गर्डलस्टोन यांनी ती रूढ केली. माणसाला दोन पायांवर सगळं वजन तोलायचं असतं, त्यामुळे त्याला ती फारशी मानवत नाही. चार पायांच्या, चार किलोच्या मांजराला मानवते. हाडाला हाड लागतच नाही म्हटल्यावर दुखायचं कारण जातं. मधल्या जागेत तंतुमय ऊती भरते, स्नायू पायाला झोळीसारखा धरतात, आणि मांजर त्यावर चालतं, पळतं, पलंगावर चढतं. लंगडेल का? पहिले काही आठवडे नक्की. पुढे बहुतेक मांजरांत घाईने पळताना किंवा थंडीत सकाळी उठल्यावर थोडा फरक दिसतो, बाकी बघणाऱ्याला कळत नाही. पाय अर्धा-एक सेंटिमीटर आखूड राहतो, मांडी जरा बारीक राहते, पाय मागे पूर्ण ताणता येत नाही, म्हणून फ्रिजवर एका झेपेत जाणं कदाचित बंद होईल.

पण ही 'सोपी' शस्त्रक्रिया बिघडते तेव्हा एकाच कारणाने बिघडते: कापायची रेषा चुकते. बाहेरच्या मोठ्या उंचवट्याच्या आतल्या कडेपासून खालच्या लहान उंचवट्याच्या जरा वरपर्यंत, मान मुळासकट गेली पाहिजे. पाय नीट बाहेर वळवून, गुडघ्याची वाटी सरळ छताकडे ठेवून, बारीक करवतीने कापलं तर रेषा साधते. हाड तोडायच्या पकडीने कुरतडत काढलं की मागच्या बाजूला मानेची एक धारदार खुंटी राहून जाते, आणि ती प्रत्येक पावलाला वाटीच्या कडेवर घासते. तीन महिन्यांनीही पाय न टेकवणाऱ्या मांजरांत पुष्कळदा हीच खुंटी सापडते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, भूल उतरायच्या आत, टेबलावरच एक्स-रे काढायला सांगा. खुंटी दिसली तर त्याच वेळी काढता येते. 'गोळा काढायचाय, एक्स-रे कशाला?' असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा.

मग चिंगीसाठी कोणतं? वाटीची कड शाबूत असेल, उजवा खुबा चांगला असेल, सर्जनने मांजरांत टॉगल आधी केलेलं असेल आणि मांजराच्या मापाची दांडी त्यांच्याकडे असेल, तर सांधा वाचवायचा प्रयत्न करण्याजोगा आहे, पण या आठवड्यातच. तीन आठवड्यांनंतर स्नायू आखडतात, वाटी व्रण-ऊतीने भरते आणि गोळ्यावरची कूर्चा उरत नाही. वरच्यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, किंवा सहा आठवडे तिला पिंजऱ्यात ठेवणं तुमच्या घरात शक्य नसेल, तर मनात कसलीही खंत न ठेवता गोळा काढायला द्या. वाईट जमलेल्या टॉगलपेक्षा नीट कापलेला गोळा शंभर पटींनी बरा. आणि सर्जनला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: सांधा उघडल्यावर कूर्चा खरवडलेली दिसली तर तिथेच बेत बदलून गोळा काढायला तुमची संमती आहे. दोन्हींची संमती आधी लिहून दिली की तिला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो प्रश्न असणारच. टॉगलचा खर्च गोळा काढण्याहून बराच जास्त येतो. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे शस्त्रक्रिया विभाग असतो आणि शुल्क खासगी दवाखान्यांहून कमी असतं. आजच फोन करून मांजरांच्या खुब्याची शस्त्रक्रिया सध्या करतात का, कोणत्या दिवशी, आणि टॉगलचं साहित्य आपण आणायचं का, ते विचारा. कुठेही गेलात तरी हेही विचारा: भूल देणारी आणि त्या वेळी तिच्या श्वासावर, नाडीवर, तापमानावर लक्ष ठेवणारी व्यक्ती सर्जनहून वेगळी आहे का, आणि चीर देण्याआधी शिरेतून अँटिबायोटिक देतात का. चार किलोचं मांजर टेबलावर फार लवकर गार पडतं, अंगाखाली ऊब हवीच.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण इथे घरच्यांची चूक होते. या दोन शस्त्रक्रियांची पथ्यं एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

टॉगल किंवा पिन झाली तर विश्रांती. पिंजरा साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद, वर उडी मारता येणार नाही इतका बेताचा उंच. आत फळी किंवा मचाण नको. शीचा ट्रे बुटका, दोन इंच कडेचा. मिठाईच्या मोठ्या खोक्याचं झाकणही चालतं. पहिले दहा दिवस वाळूऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या, म्हणजे टाक्यांत खडे जात नाहीत. चार ते सहा आठवडे हे असंच. तिसऱ्या आठवड्यात ती ठणठणीत दिसेल, दार खरवडेल, ओरडेल, घरातल्यांना दया येईल, आणि नेमका तेव्हाच सांधा निसटतो. कुणी दार उघडायचं नाही असं सगळ्यांना बजावून ठेवा. बाहेर काढलंच तर मांडीवर, किंवा रबरी चटईवर चार पावलं. आपल्या घरातली गुळगुळीत फरशी या सांध्याची वैरीण आहे, मागचे पाय फाकले की संपलं. गोणपाट, सतरंजी, जुनी योगा मॅट, काहीही अंथरा. चार-सहा आठवड्यांनी एक्स-रे, तो चांगला आला की पुढचे दोन आठवडे हळूहळू एकेक खोली.

गोळा काढला तर हालचाल. टाके भरेपर्यंत उड्या नकोत, पण पिंजऱ्यात डांबून ठेवलं तर सांध्याच्या जागी ऊती ताठर होऊन बसते आणि पाय कायमचा वर दुमडलेला राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितलं की, दिवसातून तीन वेळा: आधी पाच मिनिटं कोमट कापडाचा शेक (जखमेवर नाही, मांडीवर), मग तिला उजव्या कुशीवर झोपवून, एक तळवा कुल्ल्यावर आणि दुसऱ्या हाताने गुडघ्याजवळ मांडी धरून, सायकल चालवल्यासारखा पाय सावकाश पुढे आणि मागे, दहा ते पंधरा वेळा. मागे नेताना जिथे ती मान वळवून बघेल तिथे थांबायचं. तिथून पुढे ओढलंत तर उद्या ती हातच लावू देणार नाही. गॅबापेंटिनची मात्रा या व्यायामाच्या तास-दीड तास आधी येईल अशी वेळ जमवा. व्यायाम करूच देत नसेल तर जेवणातून करून घ्या: वाटी खोलीच्या या टोकाला, मग त्या टोकाला, आणि टाके निघाल्यावर वाटी जाड पुस्तकांच्या चार-पाच इंच उंच चळतीवर, म्हणजे पुढचे पाय वर ठेवून ती मागच्या पायांवर वजन घेईल. आठवड्यात पंजाची टोकं टेकू लागतील, महिन्यात बऱ्यापैकी वजन घेईल, पूर्ण सुधारायला दोन-तीन महिने. महिन्याने अजिबात पाय टेकवत नसेल तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका, एक्स-रे घेऊन परत जा.

दोन्हींत सारखं ते थोडक्यात: गळ्यात टाके चाटू न देणारी कॉलर, टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, रात्रीसुद्धा. खाणं रोजच्याहून थोडं कमी, वजन चार किलोच्या वर जाऊ देऊ नका. पण उलटं झालं, ती सलग दोन दिवस काही खाईना, तर तेही गंभीर आहे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. चोवीस तास लघवी नाही, तोंड उघडून श्वास, हिरड्या पांढऱ्या, पंजा पालथा घासत चालणं, टाक्यांतून पाणी, किंवा चांगला टेकवत असलेला पाय अचानक वर धरणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आज एवढं करा: तिला मोठ्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा, खाली गादी, शेजारी बुटका ट्रे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली, डावा पाय लोंबता राहू द्या, दाबू नका. भुलेच्या दिवशी किती तास आधी खाणं थांबवायचं ते दवाखान्याला विचारा, मांजराला साधारण सहा-आठ तास पुरतात. आणि ती दवाखान्यात असेल तेव्हाच गॅलरी बंद करून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाड जाळी चालते, पण चारी कडांना हुकात पक्की बसवलेली, आणि तळाला बोटभरही फट न ठेवता. खिडकीची डासांची जाळी चालणार नाही, कबूतर दिसलं की चिंगी तिच्यासकट खाली जाईल.